हात वर केलेली मुलगी

माझी ताई छत्तिसाव्या वर्षी दोन सुटकेस आणि एक कामातून गेलेला गुडघा घेऊन माझ्याकडे राहायला आली. बारा वर्षं ती व्यावसायिक लीगमध्ये बास्केटबॉल खेळली. तीन क्लब झाले. तिसऱ्यानं आठ ओळींचं पत्र पाठवून आभार मानले, त्यात तिचं आडनावही चुकीचं लिहिलं होतं. ताईनं लाल पेन घेऊन आधी आडनाव दुरुस्त केलं आणि मग पत्र फाडलं.

तिचं नाव विसरलेल्या माणसालाही तो शॉट आठवतो. लीगची फायनल, क्लब एका गुणानं मागे, दोन सेकंद उरलेले, डाव्या कोपऱ्यात दोघी अंगावर आलेल्या, आणि ताईनं मागे झुकून मारलेला बॉल रिंगला न लागता जाळीतून खाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तिचा फोटो होता. त्या फोटोवर ती पुढची सगळी वर्षं जगली असं म्हटलं तर तिला राग येईल, पण ते खरं आहे. नंतरच्या दोन्ही क्लबांनी तिला त्या फोटोकडे बघूनच घेतलं.

माझ्याकडे आल्यावर दहा महिने ती टीव्हीसमोर बसून होती. आवाज बंद करून सामने बघायची आणि समालोचन स्वतःच करायची. "ही बघ, हिचं डोकं गुडघ्यात." "ही पळतेय की बस पकडतेय?" माझा नवरा बिचारा बातम्या मोबाइलवर बघायला शिकला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला मावशीचं भारी कौतुक. पण मावशीच्या मांडीवर डोकं ठेवायला गेली की मावशी म्हणायची, "गुडघा, गुडघा," आणि पोर मागे सरायची.

मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. प्रवेश, दाखले, कॉलेज सोडण्याचे अर्ज, सगळं माझ्या खिडकीतून जातं. मुलींच्या संघाला सहायक प्रशिक्षक हवी असल्याची सूचना मीच टाइप केली आणि घरी जाऊन ताईला सांगायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. कारण सूचनेखाली सही होती ती बाटलीची.

बाटली हे नाव ताईनंच ठेवलेलं. ती मुलगी ताईच्या पहिल्या क्लबात सहा वर्षं होती आणि सहाही वर्षं बेंचवर होती. टाइमआउट झाला की पाण्याच्या बाटल्या वाटायची, ओले टॉवेल गोळा करायची आणि उरलेला वेळ मांडीवर वही ठेवून काहीबाही लिहीत बसायची. "ए बाटली, इकडे!" असं ताई एकदा कोर्टाच्या मधून ओरडली आणि ते नाव क्लबभर झालं. खेळणं सोडून ती आमच्या कॉलेजात आली आणि नऊ वर्षांत पाच वेळा तिनं संघ शेवटच्या चारात नेला. कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला मॅडम म्हणतात. मीही म्हणते.

शेवटी मी सांगितलं. ताई हसत सुटली.

"बाटली शिकवते? काय शिकवते, बाटल्या भरायला?"

"ताई, पाच वेळा शेवटच्या चारात."

"मुख्य कोण, सहायक कोण?"

"मुख्य त्या. सहायक तू. घेतलं तर."

"घेतलं तर!" म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. तीन दिवसांनी सकाळी माझ्या डब्याशेजारी तिनं सही केलेला अर्ज ठेवला होता. "गंमत म्हणून," म्हणाली. गंमत करणाऱ्या माणसानं अर्ज चार वेळा लिहून पाहिला नसता. खालचे तीन कागद मला कचऱ्यात दिसले होते.

मुलाखत चार मिनिटांत आटोपली. मॅडमनी एकच अट घातली. "मुलींसमोर मला मॅडम म्हण. एरवी काय म्हणायचं ते तुझं तू बघ." ताईनं एरवी काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. "ऐक ना", "हे बघ" यांवर तिनं वर्षभर काम भागवलं.

पहिले दोन आठवडे मुली तिच्याभोवती माश्यांसारख्या घोंघावत होत्या. फोटो काढून झाले, सह्या घेऊन झाल्या. मग सराव सुरू झाला आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. ताईला शिकवता येत नव्हतं.

ती करून दाखवायची. अजूनही, त्या गुडघ्यानिशी, असं काही वळायची की बघणारीचा श्वास अडकावा. "असं," म्हणायची. एखादी मुलगी विचारायची, "असं म्हणजे कसं?" ताई पुन्हा तेच करून दाखवायची आणि म्हणायची, "अगं, असं!" तिला सांगताच येत नव्हतं. जे तिच्या अंगात बाराव्या वर्षापासून होतं, ते तिनं कधी शब्दांत धरलं नव्हतं. तेवढ्यात कोर्टाच्या पलीकडून मॅडमचा आवाज यायचा, शिट्टीएवढाही चढलेला नसायचा. "डावा पाय आधी. मग खांदा. मान सगळ्यात शेवटी." आणि त्या मुलीला ते जमायचं. ताईच्या देखत जमायचं.

उंच मुली ताईकडे दिल्या होत्या. त्यांत पहिल्या वर्षाची एक होती, तिला सगळ्या मनोरा म्हणायच्या. सहा फुटांच्या वर, पावलं मोठाली, आणि एवढ्या उंचीचं काय करायचं ते न कळल्यामुळे खांदे कायम पाडलेले. वडील बस चालवायचे. प्रवेशाच्या वेळी ते माझ्या खिडकीशी आले होते, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून. पोर मेहनती. चुकली की "सॉरी" म्हणायची, आणि सारखी चुकायची.

ताईला ते "सॉरी" सहन व्हायचं नाही. "बोटं आहेत की लाकडं? बॉल धरतेस की चटका बसतो तुला?" मुली हसायच्या. ताईला वाटायचं, चला, निदान हसतात तरी. मग तिला त्याची चटकच लागली. रोज नवीन काहीतरी. "मनोऱ्याला कुणीतरी खालून हलवा, वर निरोप पोचत नाहीये." मुली पोट धरून हसायच्या. मनोराही हसायची.

मॅडमनी दोनदा ताईला बाजूला घेऊन सांगितलं, हे मला नंतर कळलं. "ती हसते म्हणून तिला लागत नाही असं समजू नकोस," असं म्हणाल्या होत्या. ताईनं उत्तर दिलं, "आम्हाला काय फुलांनी शिकवलं होतं?"

बुधवारी दुपारी व्हिडिओचा तास असायचा. व्यायामशाळेमागच्या अरुंद खोलीत, पडदे ओढून, मुली लोखंडी खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या. त्या बुधवारी प्रवासाच्या परवानगीच्या कागदांवर सही घ्यायला मी नेमकी तिथे गेले होते. मॅडमनी खुणेनंच थांबायला सांगितलं, म्हणून मी दाराशी उभी राहिले. भिंतीवर सामना चालू होता. जर्सीचा रंग ताईच्या पहिल्या क्लबचा होता.

ती फायनल होती.

मॅडमनी चित्र थांबवलं. दोन सेकंद उरलेले. डाव्या कोपऱ्यात ताई, दोघी अंगावर. उजवीकडे बास्केटखाली एक किडकिडीत मुलगी, हात वर केलेला, आसपास कुणी नाही.

"आता काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"पास," पुढच्या रांगेतली म्हणाली.

"पास, पास," मागून तीनचार आवाज आले. मग त्यांना कळलं की आपण काय बघतोय, आणि त्यांनी एकेक करून ताईकडे बघितलं. ताई भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

मॅडमनी चित्र सोडलं. ताई मागे झुकली, बॉल उडाला, जाळीतून पडला, सगळं स्टेडियम उठलं. खोलीतल्या दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या.

"पडला," मॅडम म्हणाल्या. "पडला म्हणून निर्णय बरोबर होता का? तिथून, दोघी अंगावर असताना, शंभरात किती पडतात?" आणि ताईकडे वळून, कुणालाही विचारावं तसं विचारलं, "तूच सांग."

ताई म्हणाली, "तीस." आणि मग, "पंचवीस."

"आणि बास्केटखालून, एकटी उभी असेल तर?"

"नव्वद," मनोरा म्हणाली. ती तासाला कधी तोंड उघडत नसे. तिला त्यात खरंच रस वाटत होता, कारण बास्केटखालची जागा तिची होती. तिनं विचारलं, "मॅडम, पण ती मुलगी कोण आहे?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मॅडमचा चेहरा रेषभरही हलला नाही.

"बेंचवरची होती. सेंटरचे पाच फाऊल झाले म्हणून शेवटची तीन मिनिटं आत गेली. चला, पुढचं."

अकरा वर्षांत मॅडमचं अंग भरलं होतं, केस कापले होते, चष्मा आला होता. एकाही मुलीनं ओळखलं नाही.

तास संपला, मुली गेल्या. मी कागद पुढे केले, आणि मॅडम सही करत असतानाच ताई दार लोटून परत आली. मी तिथे आहे हे तिनं बघितलंच नाही, किंवा बघूनही तिला त्याचं काही वाटलं नाही.

"मुद्दाम केलंस."

"नऊ वर्षं दर हंगामाला दाखवते. तू आलीस म्हणून यंदा गाळू?"

"सूड घेतेस माझ्यावर."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "थोडा घेतला असेन. मी काही संत नाही. पण धडा खरा आहे. तूच पंचवीस म्हणालीस." मग चष्मा काढून पुसला आणि वेगळ्याच, साध्या आवाजात विचारलं, "एवढंच सांग. मी तुला दिसले होते का?"

"नाही," ताई म्हणाली. "गर्दी होती. दोघी अंगावर होत्या. कोण कुठे उभं आहे ते मला कसं दिसणार?"

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांचे खांदे थोडे खाली आले, ते मी पाहिलं. एवढी वर्षं कशाला तरी टेकू देऊन उभं राहावं आणि तो टेकू काढला तरी चालतंय असं दिसावं, तसं काहीसं. त्यांनी मला कागद दिले आणि त्या बाहेर गेल्या.

घरी जाताना आम्ही दोघी चालत निघालो. अर्ध्या रस्त्यात, पादचाऱ्यांच्या दिव्यापाशी उभ्या असताना ताई म्हणाली, "दिसली होती."

"कोण?"

"बाटली. तिचा हात दिसला. तिची बोटंसुद्धा दिसली. मला कोर्टावर सगळं दिसायचं, तुला माहितीये. मनात आलं, फायनलचा बॉल हिच्या हातात कशाला द्यायचा." दिवा हिरवा झाला, लोक निघाले, ती तिथेच उभी. "हरलो असतो तरी दिला नसता."

मला वाटलं होतं की त्यानंतर ती नरम पडेल. उलट झालं. त्या दिवसापासून तिनं मनोराला जास्तच छळलं. "नव्वद म्हणतेस ना? मग मार. मार नव्वद." बास्केटखालून शंभर शॉट मारायला लावायची आणि मोठ्यानं मोजायची. चौसष्ट पडले की बाकीच्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणायची, "पास द्या हिला, पास!" तिसऱ्या दिवशी मनोरा हसली नाही. चौथ्या दिवशी आलीच नाही.

सोमवारी ती माझ्या खिडकीशी आली. कॉलेज सोडण्याचा अर्ज भरून आणला होता. कारणाच्या रकान्यात मुलं "कौटुंबिक" लिहितात, "प्रकृती" लिहितात. तिनं लिहिलं होतं, "खेळायला भीती वाटते." माझ्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"अगं, अजून एकदा विचार कर," मी म्हटलं.

"केलाय, काकू," ती म्हणाली. मी तिच्या सहायक कोचची बहीण आहे हे तिला ठाऊक होतं. तरी अर्ज दोन्ही हातांनी, आदबीनं पुढे सरकवला.

मी शिक्का न मारता तो मॅडमकडे नेला. त्यांनी वाचला, ताईला बोलावलं आणि संध्याकाळी तिला घेऊन मनोराच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते ताईनं मला पुढे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. दोन खोल्यांचं घर. वडील कामावरून नुकतेच आलेले, गणवेश अंगावर. ताईला बघून ते हरखून उठले. त्यांनी ती फायनल स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतून बघितली होती, मुलीला खांद्यावर बसवून. "तुमचा तो बॉल पडला आणि ही म्हणाली, बाबा, मला पण हे करायचंय. तेव्हापासून खेळते." मुलगी कॉलेज का सोडतेय हे तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. अभ्यास झेपत नाही, एवढंच सांगितलं होतं.

मॅडम ताईकडे बघत राहिल्या. माफी मागायची ती हीच वेळ होती. ताई म्हणाली, "पोरगी गुणी आहे. जरा मनाला लावून घेते, एवढंच."

मनोरा आतल्या दारात उभी होती, चौकटीखाली वाकून. ती म्हणाली, "मी येणार नाही, मॅडम." मॅडमना म्हणाली. ताईकडे तिनं पाहिलं नाही. वडील गोंधळून सगळ्यांसाठी चहा ठेवतो म्हणाले, पण कुणी थांबलं नाही.

"का नाही मागितलीस माफी?" मी विचारलं.

"तोंडातून निघालीच नाही. बापासमोर कशी काढू? तो माझ्याकडे असा बघत होता की..."

मॅडमनी तिला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेमागच्या त्या खोलीची किल्ली दिली. पुढे ज्या संघांशी सामने होते त्यांचे व्हिडिओ बघायचे, कोण कुठे चुकतं ते लिहून द्यायचं. कोर्टावर यायचं नाही. मुलींशी बोलायचं नाही. ताई दिवसभर पडदे ओढून एकटी बसायची. आणि ते काम तिनं असं केलं की मॅडमनीही मान्य केलं. अमकी डावीकडे वळण्याआधी ओठ चावते, तमकी दमली की उजवी टाच उचलत नाही. दर सामन्याला चार पानं. त्या पानांच्या जोरावर संघ त्या वर्षी पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला आणि जिंकला. बक्षीस घेताना काढलेल्या फोटोत ताई नाही. ती वरच्या गॅलरीत कॅमेरा लावून बसली होती.

हंगाम संपल्यावर, सामान आवरताना, ताईनं मॅडमना खरं सांगून टाकलं. मला वाटतं त्या विजयानं तिला धीर आला असावा. किंवा एकट्या खोलीत बसून तिच्या डोक्यावर ते ओझं झालं असावं. म्हणाली, "त्या दिवशी मी खोटं बोलले. तू दिसली होतीस मला."

मॅडम जाळीच्या पिशवीत बॉल भरत होत्या. भरत राहिल्या. पिशवीची दोरी बांधून झाल्यावर म्हणाल्या, "सात महिने मला बरी झोप लागत होती. हे आत्ता कुणाच्या भल्यासाठी सांगितलंस?"

त्यानंतर मॅडम तिच्याशी कामापुरतं बोलतात. कडवटपणानं नाही, हेच वाईट. बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात.

वर्षाच्या शेवटी ताईच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आला. शेऱ्यात मॅडमच्या सुबक अक्षरात दोन वाक्यं होती. "निरीक्षण उत्कृष्ट. खेळाडू सोपवू नयेत." नियमाप्रमाणे ते वाचून तिची सही घ्यायची होती. मी कागद पुढे केला आणि नजर दुसरीकडे वळवली. तिनं वाचलं. लाल पेन नाही मागितलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाली आणि सही केली.

मनोराची बातमी दोन वर्षं नव्हती. मग एकदा तिचे वडील बसच्या स्टॉपवर मला भेटले. पोरगी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते म्हणाले. खेळते का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. "तुमच्या ताईंना नमस्कार सांगा," मात्र आवर्जून म्हणाले. तो नमस्कार मी अजून पोचवलेला नाही.

ताई आता कॉलेजजवळ वेगळी राहते. रविवारी जेवायला येते. गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं, जी आता माझ्या खांद्याला लागते, ताट बाजूला सारून विचारलं, "मावशी, मला शिकव ना बास्केटबॉल. सगळ्या म्हणतात माझी उंची तुझ्यावर गेलीय."

ताईचा घास हातातच राहिला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मॅडमकडे जा. शनिवारी लहान मुलींचा वर्ग घेतात. माझी भाची आहेस हे मात्र सांगू नकोस."

मी फॉर्म भरला. जवळच्या नातेवाइकांत कुणी खेळाडू आहे का, असा एक रकाना असतो, तो रिकामा ठेवला. मॅडमनी माझ्यासमोरच फॉर्म वाचला, त्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून थोडा वेळ थांबल्या, पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला विचारलं, "डावरी आहेस की उजवी?"